ओव्हन नाही? मग पातेलं काढ!

अगं, ओव्हन नाही आणि घरात अंडं चालत नाही, एवढ्यावरून बेदाण्याच्या केकचा बेत सोडतेस होय? खरं सांगू का, हा केक नटवा नाहीच. क्रीम नाही, की वरची नक्षी नाही. दूर वेल्समध्ये याला ‘बारा ब्रिथ’ म्हणतात आणि तिथेही बेदाणे आदल्या रात्री चहातच भिजवतात. चहा काय, तू झोपेतही करशील!

गूळ मात्र काळसर घे. दौंड-केडगावकडची गुऱ्हाळं आपल्याला जवळ, तेव्हा पिवळ्याधमक ढेपेला भुलू नकोस. रात्री वाटीभर गरम कोऱ्या चहात पाऊण वाटी गूळ विरघळव आणि त्यात दीड वाटी बेदाणे, चिरलेले खजूर घालून झाकून ठेव. सकाळी बघ, बेदाणे कसे टम्म फुगलेले असतील! चहा ओतून देऊ नकोस हं, तो केकमध्येच जायचाय.

आता आधी पातेलं तापव, मगच पीठ कालव. दह्याशी गाठ पडली की सोडा लगेच फसफसतो, तो तुझ्यासाठी थांबत नाही. जुनं, जाड बुडाचं पातेलं घे. तळाला मीठ पसर, वर रिंग ठेव, झाकण लावून दहा मिनिटं तापू दे. नवा कुकर यात घालू नकोस, कोरड्या आचेनं तो खराब होतो.

एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, जायफळ. यात अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल आणि चहासकट बेदाणे. हलक्या हातानं मिसळ, फेटत बसू नकोस, केक चिवट होतो. पीठ चमच्यावरून जडपणे पडायला हवं. घट्ट वाटलं तर दुधाचा हबका मार.

तेल लावलेल्या डब्यात ओत, डबा रिंगवर ठेव आणि आच अगदी बारीक कर. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. वास सुटेल, पोरं मागे लागतील, तरी नाही! वाफ गेली की केक मधोमध बसतो. नंतर सुरी खुपसून बघ. ओली निघाली तर आणखी दहा मिनिटं ठेव, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढ्या बेदाण्यांच्या केकला तासभर लागतोच.

गरम असताना कापू नकोस, भुगा होईल. फडक्यात गुंडाळून ठेव; दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आणि सासूबाईंना कडेचा खरपूस तुकडा दे, लोणी लावून.