शांत मन म्हणजे गप्प मन नव्हे

रविवारची संध्याकाळ झाली की तुमच्याही मनावर ओझे येते का? सोमवारची मीटिंग, शुक्रवारी अर्धवट राहिलेले काम, मॅनेजरचा चेहरा, सिल्क बोर्डच्या चौकातली वाहनांची रांग हे सगळे डोळ्यांसमोर येऊ लागते. सुट्टी अजून संपलेली नसते, पण मनाने आपण ऑफिसात पोहोचलेले असतो.

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये राहणारे अनेक मराठी साधक कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून नोकरीसाठी आलेले आहेत. कोणी बन्नेरघट्टा रस्त्यावर काम करते, कोणी इलेक्ट्रॉनिक सिटीत. अभ्यासवर्गात त्यांच्याकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: “साधना करायची म्हणजे साहेबांचे सगळे निमूटपणे सहन करायचे का?” या पाठात आपण त्याच प्रश्नाचा विचार करू.

त्रास कोणत्या खात्यातला?

हिशेब लिहिताना प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात जावी लागते. सगळे एकाच खात्यात टाकले तर ताळेबंद जुळत नाही. नोकरीतल्या वैतागाचेही तसेच आहे. त्याची तीन खाती करून पाहा.

पहिले खाते परिस्थितीचे. रात्री दहाला येणारे फोन, दोघांचे काम एकावर, रजा मागितली की होणारी टाळाटाळ. या गोष्टी बाहेर घडतात.

दुसरे खाते माणसाचे. मॅनेजर सर्वांसमोर टाकून बोलतो. त्याच्यावरही वरून दबाव असेल. हे समजून घेतले की आपल्या मनातला द्वेष कमी होतो. मात्र त्यामुळे त्याचे बोलणे योग्य ठरत नाही.

तिसरे खाते आपल्या मनाचे. “मैत्रिणीला बढती मिळाली, मला नाही.” “रेटिंग कमी आले, म्हणजे मीच कमी.” ही जखम बाहेरच्या कोणी कितीही खोल केली तरी ती रोज उकरतो आपणच.

ध्यान आणि प्राणायाम तिसऱ्या खात्यावर थेट काम करतात, दुसऱ्यावर काही प्रमाणात. पहिल्या खात्यासाठी बोलावे लागते, कृती करावी लागते. परिस्थिती बदलायला नुसते डोळे मिटून बसलो तर निराशा येते. मनातल्या तुलनेचा दोष कंपनीवर टाकला तर नोकरी बदलूनही वैताग सोबत येतो.

रविवारची सुट्टी कोणी मिळवली?

ज्या रविवारी आपण सत्संगाला येतो, त्या सुट्टीमागे एका मराठी माणसाचे कष्ट आहेत. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी. मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम करताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. आठवड्याची सुट्टी नाही, दुपारी धड विश्रांती नाही, पगाराची तारीख निश्चित नाही. राग येण्यासारखेच सगळे होते.

१८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यातल्या मागण्या नेमक्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सहा वर्षे पाठपुरावा झाला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

साधकाने यातून काय घ्यावे? राग शिव्याशाप होऊन विरला नाही, की आत साठून राहिला नाही. तो स्पष्ट मागणी झाला. अस्वस्थ मनाला एवढी नेमकी मागणी सुचत नाही. त्यासाठी थोडे थांबावे लागते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले आणि देशभर चर्चा झाली. सहा दिवसांत वाटले तर रोजचे ११ तास ४० मिनिटे होतात, प्रवास वेगळा. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. आपला हक्क माहीत करून घेणे हे अध्यात्माच्या विरोधात नाही.

समत्व म्हणजे काय?

गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, कर्म सोडायला नाही. अन्यायाबद्दल बोलणे हेही कर्मच आहे. ते शांतपणे, पूर्ण तयारीने करावे आणि उत्तर “नाही” आले तरी स्वतःला हरलेले समजू नये. जे. पी. नगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जयप्रकाश नारायण रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष होते, आणि १९५४ मध्ये त्यांनीच सर्वोदयाच्या कार्यासाठी जीवनदान केले. एकाच आयुष्यात दोन्ही बसू शकते.

या आठवड्याचा अभ्यास

१. रोज सकाळी ऑफिसचा फोन पाहण्याआधी १० मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसा.

२. रात्री दिवसभरातला एक वैताग लिहा आणि तो तीनपैकी कोणत्या खात्यातला हे ठरवा.

३. आठवड्याच्या शेवटी पहिल्या खात्यातली एकच गोष्ट निवडा. तिची दोन वाक्यांत मागणी तयार करा आणि ती मॅनेजरना एकट्यात, आदराने सांगा.

४. वारंवार सांगूनही काही बदलत नसेल तर नोकरी सोडण्याचा विचार करायला हरकत नाही. मात्र रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करा.

एक गोष्ट आवर्जून. झोप उडाली असेल, जगण्यातला रस गेला असेल, तर केवळ साधनेवर विसंबू नका. घरच्यांशी बोला, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. मदत मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे.

स्वतःला विचारा: आज मी गप्प बसलो, ते शांत होतो म्हणून की घाबरलो होतो म्हणून? याचे खरे उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी पुढे काय करायचे हेही कळू लागेल.