चप्पल पायातून निसटतेय?

भांगलणीचे दिवस आले की नेसरी भागातून अशी एखादी तरी बाई येतेच. चालताना पाऊल फटफट आपटतं, चप्पल कधी गळून पडली ते कळत नाही. हातात कमरेच्या एमआरआयचं भलंमोठं पाकीट. ‘मणक्यात गॅप हाय म्हणाले, डॉक्टर.’

पाकीट मी बाजूला ठेवतो. पाऊल वर उचलायला सांगतो, उचलत नाही. मग आत वळवायला सांगतो. ते जोरात वळलं, तर माझा संशय कमरेवरून गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. पाऊल उचलणारी नस तिथं हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. दिवसभर उकिडवं बसून सरीनं सरकत राहिलं की ती चेपते. तिथं टिचकी मारली की पावलावर झिणझिण्या येतात. कमरेच्या एमआरआयमध्ये ही जागा येतच नाही! शिवाय चाळिशीनंतर काही दुखत नसलेल्या माणसाच्या मणक्यातली गादीही पुष्कळदा थोडी सरकलेली दिसते. उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं थांबवलं आणि पावलाला आधाराचा पट्टा लावला, की अशा बहुतेक नसा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सावरतात.

म्हणून एमआरआय बिनकामाचा नव्हे. त्यात क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या जोरावर शरीरातल्या पाण्याचं चित्र निघतं. दुखावलेली नस सुजते, तिच्यात पाणी वाढतं, ती उजळ दिसते. नस तुटली तर तिच्यावर चालणारे स्नायूही थोड्याच दिवसांत उजळतात. सुईची तपासणी, म्हणजे ईएमजी, तेच सांगायला दोन-तीन आठवडे घेते. नुसत्या नसांसाठी खास एमआरआय असतो, त्याला न्यूरोग्राफी म्हणतात.

मोटारसायकलवरून खांद्यावर पडून हात लुळा पडला, तर मानेचा नि खांद्याचा असा एमआरआय हवाच. नसेची मुळं मज्जारज्जूपासून उपटली आहेत का, हे त्यात कळतं. तेल चोळत सहा महिने घालवू नका. नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते आणि स्नायू तेवढी वाट बघत नाही.

पण कोयत्यानं मनगट कापलं नि बोटं बधिर झाली, तर एमआरआयच्या रांगेत बसू नका. जखम उघडून नस जोडणारा सर्जन त्याच दिवशी गाठा. कंबरदुखीत लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच रात्री कमरेचा एमआरआय.

पेसमेकर असेल, किंवा वेल्डिंग करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर मशिनच्या खोलीत शिरण्याआधी सांगा. मंगळसूत्र, जोडवी बाहेर ठेवा.

माझ्याकडे येताना जुनी पाकिटं आणाच, पण रोजची चप्पल घालून या. तिचं टोक कुठं घासलंय ते मला बघायचं असतं.