जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र आणि जनपद योजना

पंचायत राज्याचा इतिहास अभ्यासताना बहुतेक विद्यार्थी १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीपासून आरंभ करतात. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव ओझरता पाहिला जातो आणि मधल्या पाऊणशे वर्षांत काही घडलेच नाही, असा समज होऊन बसतो. वस्तुतः मेहता समितीच्या नऊ वर्षे आधी, १९४८ मध्ये, नागपूरच्या विधिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी एक स्थानिक शासन कायदा संमत केला होता. तहसील पातळीवर ‘जनपद सभा’ स्थापन करणारा हा कायदा विदर्भात महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरही काही काळ अमलात होता. त्यामागील कल्पना जबलपूरचे नेते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांची. मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव प्रश्नपत्रिकांत येते. स्थानिक स्वराज्य मंत्री म्हणून केलेले त्यांचे काम मात्र सहसा वाचले जात नाही.

पत्रकार ते मंत्री

मिश्र यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०१ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात झाला. त्यांचे शिक्षण कानपूर, जबलपूर व अलाहाबाद येथे झाले आणि कर्मभूमी म्हणून त्यांनी जबलपूर निवडले. नर्मदेकाठचे हे शहर त्या वेळी मध्य प्रांताच्या हिंदी भाषक भागाचे, म्हणजे महाकोशलाचे, राजकीय व वाङ्मयीन केंद्र होते. ‘श्रीशारदा’ हे मासिक, ‘लोकमत’ हे हिंदी दैनिक आणि पुढे ‘सारथी’ हे साप्ताहिक यांचे संपादन त्यांनी केले. (या ‘लोकमत’चा आपल्या मराठी ‘लोकमत’शी संबंध नाही.) १९४२ च्या आंदोलनातील तुरुंगवासात त्यांनी ‘कृष्णायन’ हे अवधी महाकाव्य रचले. शेठ गोविंददास आणि मिश्र हे दोघे त्या काळी जबलपूरच्या काँग्रेसचे प्रमुख आधार होते.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती संपुष्टात आणली. या कायद्याखालील निवडणुकांनंतर जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्यात मिश्र यांच्याकडे स्थानिक स्वराज्य खाते सोपविण्यात आले. वय अवघे पस्तीस. हे खाते त्या काळी दुय्यम समजले जाई; गृह, महसूल व अर्थ ही वजनाची खाती. मिश्र यांनी मात्र याच खात्याच्या वाटेने महसूल प्रशासनाच्या मुळाशी हात घातला.

दुहेरी कारभाराचे दुखणे

मिश्र यांनी हाताळलेला प्रश्न समजून घेण्यासाठी त्या काळच्या जिल्ह्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागेल. मध्य प्रांतात १९२० च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार जिल्ह्याला जिल्हा कौन्सिल आणि तहसिलीला लोकल बोर्ड अशी रचना होती. शाळा, रस्ते, दवाखाने, गुरांचे कोंडवाडे व बाजार ही कामे या लोकनियुक्त संस्थांकडे. त्यांच्या शेजारीच सरकारचा स्वतंत्र डोलारा उभा होता. डेप्युटी कमिशनर, तहसीलदार, महसूल निरीक्षक, पटवारी अशी ती उतरंड. आणि खेड्यातील माणसाच्या दृष्टीने खरे सरकार तेच. सभासदांना लोकांनी निवडून दिलेले असे, पण त्यांच्या हाती पैसा नसे, अनुभवी नोकरवर्ग नसे आणि वचकही नसे. अधिकाऱ्यापाशी या तिन्ही गोष्टी असत, पण तो मतदारांना उत्तर देण्यास बांधलेला नसे.

या दुखण्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बोर्डांना थोडे अधिक अनुदान आणि थोडे अधिक अधिकार देणे. मिश्र यांची मांडणी याहून वेगळी होती. जिल्ह्यात दोन कारभार असूच नयेत, असे त्यांचे म्हणणे. सरकारी यंत्रणा आणि स्थानिक संस्था एकत्र आणाव्यात, प्रांतिक सरकारच्या विविध खात्यांची जिल्ह्यातील कामे लोकनियुक्त सभेकडे जावीत आणि सरकारी अधिकाऱ्याने त्या सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम करावे, असे तिचे सार सांगता येईल. लंडनच्या पार्लमेंटने प्रांतांना जी स्वायत्तता दिली, तिचा एक पुढचा हप्ता प्रांताने स्वतःहून खाली द्यावा, असाच याचा अर्थ होता. मूळ मांडणीत जिल्हा हा केंद्रस्थानी होता. कायदा झाला तेव्हा ते स्थान तहसिलीला मिळाले.

१९३८ चा पेच

ही योजना पुढे सरकण्यापूर्वीच मंत्रिमंडळ एका वादळात सापडले. त्याला राज्यशास्त्राच्या अभ्यासात स्वतंत्र महत्त्व आहे. मुख्यमंत्री खरे नागपूरचे. रविशंकर शुक्ल, मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे तीन मंत्री महाकोशलाचे. मराठी व हिंदी विभागांतील जुना अविश्वास, खात्यांच्या वाटपावरील कुरबुरी आणि व्यक्तिगत तेढ अशी अनेक कारणे एकत्र आली. पचमढी येथे मे १९३८ मध्ये समेट झाला, पण तो टिकला नाही. २० जुलै रोजी खरे यांनी राजीनामा दिला. गोळे व रामराव देशमुख यांनीही दिला. उरलेल्या तिघांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना पदावरून दूर केले आणि खरे यांचे नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. काँग्रेसच्या श्रेष्ठींना हे मानवले नाही. काही दिवसांतच खरे यांना पद सोडावे लागले आणि वर्ध्याच्या बैठकीत शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. मिश्र पुन्हा मंत्री झाले.

येथे दोन तत्त्वे समोरासमोर आली. मंत्री हा मुख्यमंत्र्याच्या मंत्रिमंडळाचा घटक असतो आणि प्रमुखाने राजीनामा दिल्यावर त्याने पदाला चिकटून राहू नये, हा संसदीय संकेत खरे यांच्या बाजूने होता. मंत्री हा पक्षाच्या आदेशाने पदावर आलेला असतो आणि पक्षाच्याच आदेशाने जातो, ही भूमिका मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांची. १९३५ च्या कायद्यातील कलम ५१ नुसार मंत्री गव्हर्नरच्या मर्जीपर्यंत पदावर राहत, म्हणून गव्हर्नरची कृती कायद्याच्या चौकटीत बसत होती. तरीही परकीय सत्तेच्या प्रतिनिधीकरवी काँग्रेसचे मंत्री घालविले गेले, हे पक्षाला असह्य वाटले. संकेताच्या कसोटीवर खरे यांची बाजू आज बरीच भक्कम दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ते पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यामुळे त्यांच्या बाजूचा विचार फारसा कोणी केला नाही.

विकेंद्रीकरणाची योजना मांडणारा मंत्री प्रांतिक मुख्यमंत्र्यापेक्षा मध्यवर्ती पक्षसत्तेचा आधार घेतो, ही विसंगती मिश्र यांच्या संपूर्ण कारकिर्दीत अधूनमधून डोके वर काढते.

जनपद सभा : रचना आणि वास्तव

महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना सात वर्षे बाजूला पडली. १९४६ मध्ये शुक्ल मंत्रिमंडळ पुन्हा आले. मिश्र यांच्याकडे कालांतराने गृहखातेही आले. १ जानेवारी १९४८ पासून छत्तीसगढची संस्थाने या प्रांतात विलीन झाली, तेव्हाच्या कायदा व सुव्यवस्थेचा भार त्यांच्यावर होता. त्याच वर्षी स्थानिक शासनाचा कायदा झाला. जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे मोडीत निघाली आणि प्रत्येक तहसिलीत जनपद सभा आली.

सभेत ग्रामीण भागाचे व नागरी भागाचे, असे दोन्हीकडचे सभासद असत. शहर आणि त्याच्या आसपासची खेडी यांना एकाच छताखाली बसविण्याचा हा प्रयत्न लक्षणीय म्हटला पाहिजे, कारण पुढील पंचायत राज्य व्यवस्थेने हा धागा सोडून दिला. विषयवार स्थायी समित्या होत्या. मुख्य कार्यकारी अधिकारी महसूल खात्यातील उपविभागीय दर्जाचा असे आणि तहसीलदार त्याच्या हाताखाली सभेचे काम पाही. लोकांना सभेचे ठिकाण जिल्ह्याच्या गावाऐवजी तहसिलीच्या गावी मिळाले. बैलगाडीच्या त्या काळात ही सोय लहान नव्हती.

कागदावरची ही रचना व्यवहारात लंगडी पडली. पहिला अडथळा पैशाचा. तहसील हा जिल्ह्यापेक्षा लहान घटक. त्याचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. शाळा आणि रस्ते यांचा खर्च भागविताना सभा सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसत. दुसरा अडथळा अधिकारांच्या हस्तांतरणाचा. खात्यांची कामे क्रमाक्रमाने सभांकडे जायची होती, परंतु आपले अधिकार आपणहून सोडण्यास खाती फारशी राजी नव्हती. तिसरा अडथळा योजनेच्या गाभ्यातच होता. मुख्य कार्यकारी अधिकारी सभेचा सेवक, पण त्याची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल सरकारच्या हाती. अध्यक्षाचा आदेश आणि डेप्युटी कमिशनरचा आदेश परस्परविरोधी असतील, तर तो कोणाचा मानणार, याचे उत्तर मिश्र यांच्या रचनेत सापडत नाही. त्यातच १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्यांची वेगळी यंत्रणा उभी राहिली. जो दुहेरी कारभार मोडायचा होता, तो नव्या रूपात परत आला.

या अडचणी सुरू असताना योजनेचा जनक सत्तेबाहेर गेला होता. पंडित नेहरूंशी उघड मतभेद झाल्याने मिश्र यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद व काँग्रेस दोन्ही सोडले. १९५२ च्या निवडणुकीत त्यांना यश लाभले नाही. एखाद्या योजनेला तिच्या कर्त्याचा पाठिंबा पहिल्या पाच वर्षांत सर्वांत अधिक लागतो. जनपद योजनेला तो तीन वर्षेच मिळाला.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. जबलपूरला राजधानीऐवजी उच्च न्यायालय मिळाले आणि राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा राज्यात तीन प्रकारची ग्रामीण व्यवस्था नांदत होती. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे, मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या वारशाने आलेली जिल्हा मंडळे आणि विदर्भात जनपद सभा. या तिन्हींना एका सूत्रात बांधण्यासाठी वसंतराव नाईक समिती नेमण्यात आली. नाईक हे पुसदचे. १९५२ नंतर ते जुन्या मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होते. जनपद सभांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला असणार, हे उघड आहे.

नाईक समितीने १९६१ मध्ये दिलेल्या अहवालातील दोन शिफारशी जनपद योजनेशेजारी ठेवून वाचाव्यात. एक, खरी सत्ता तालुक्याला न देता जिल्ह्याला, म्हणजे जिल्हा परिषदेला द्यावी. पैसा व तज्ज्ञ नोकरवर्ग पेलण्याइतका मोठा घटक तोच. दोन, जिल्हाधिकाऱ्याला या व्यवस्थेबाहेर ठेवून परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा. मिश्र यांना महसुली अधिकारी लोकनियुक्त सभेच्या चाकरीत आणायचा होता. नाईक समितीने त्याला दाराबाहेरच थांबविले. मेहता समितीने तर गट पातळीवरील पंचायत समितीवर भर देऊन जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे सुचविले होते. ‘तीन समित्या, तीन उत्तरे’ असे पाठ करण्यापेक्षा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे काय करायचे, हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी कसा सोडविला गेला ते पाहिल्यास विषय चांगला ध्यानात राहतो. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा १ मे १९६२ पासून अमलात आला आणि विदर्भातील जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

उत्तरार्ध

मिश्र १९५६ ते १९६२ या काळात सागर विद्यापीठाचे कुलगुरू होते. कामराज योजनेखाली भगवंतराव मंडलोई यांनी राजीनामा दिल्यावर ३० सप्टेंबर १९६३ रोजी ते मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात, १९६४ मध्ये, जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ स्थापन झाले. जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या बाजूने मुख्यमंत्र्यांचा पाठिंबा उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचा कारभार करडा म्हणून ओळखला गेला. मार्च १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलीस गोळीबारात बस्तरचे माजी संस्थानिक प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासह अनेक आदिवासी मारले गेले. त्याची चौकशी झाली, पण हा डाग त्यांच्या कारकिर्दीवर कायमचा राहिला.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळूनही जुलैमध्ये गोविंदनारायण सिंह यांच्यासह ३६ आमदारांनी पक्ष सोडला, राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या गटाशी हातमिळवणी केली आणि मिश्र मंत्रिमंडळ कोसळले. पक्षांतराच्या प्रश्नावर उत्तर लिहिताना हरियाणाचे उदाहरण सर्वच देतात. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीची पार्श्वभूमी म्हणून मध्य प्रदेशाचे उदाहरणही तितकेच समर्पक आहे. पोटनिवडणुकीतील खर्चाच्या वादावरून त्यांची निवड पुढे न्यायालयात रद्द ठरली आणि पुनरागमनाचा मार्ग बंद झाला. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशाने १९९३ चा पंचायत राज्य कायदा केला. त्यात ग्रामपंचायत व जिल्हा पंचायत यांच्यामधील संस्थेला ‘जनपद पंचायत’ असे नाव आहे आणि छत्तीसगढातही तेच चालते. ही संस्था तहसिलीची नसून विकासगटाची आहे आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक आजही राज्य सरकारच करते.