जांगल मांस आणि मृगया : एका शब्दाचा विचार

पथ्यपत्रकावर ‘जांगल मांसरस’ हे शब्द लिहिताना आपण सहसा थांबत नाही. आम्हीही थांबत नव्हतो. काही वर्षांपूर्वी शोषाच्या एका रुग्णास, शासकीय केंद्रातील क्षयाची औषधे चालू असताना, बृंहणार्थ आम्ही तेच लिहून दिले. आठवड्याने त्याचा मुलगा पिशवीतून दोन तितर घेऊन चिकित्सालयात आला. ‘डॉक्टर, तुम्ही जंगली मांस लिहिलं होतं, म्हणून रात्री फासे लावले,’ असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले. एक पक्षी अद्याप जिवंत होता. चूक त्या मुलाची नव्हती.

‘जांगल’ म्हणजे जंगली नव्हे. अल्प जल, विरळ वृक्ष व कोरडी हवा असलेला तो जांगल देश. तेथील प्राण्यांचे मांस लघु, म्हणून क्षीण अग्नीस मानवते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात मांसाचे आठ वर्ग सांगितले असून त्यांत एण, शश, लाव, तित्तिर हे सर्व येतात. त्या काळी हे मांस मृगयेवाचून मिळत नसे, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्याच अध्यायात शेळी-मेंढीचे संचारस्थान मिश्र असल्याने त्यांचा वर्ग निश्चित होत नाही असे म्हटले आहे, आणि बोकडाचे मांस अतिशीत, अतिगुरू वा अतिस्निग्ध नसून मनुष्यदेहाच्या धातूंशी समान, अनभिष्यंदी व बृंहण मानले आहे. सुश्रुताचार्य तर एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या जांगल वर्गाच्या आठ भेदांत ‘ग्राम्य’ हा एक भेद असून त्यात बोकड येतो! म्हणजे शास्त्राचा आग्रह गुणांचा आहे, शिकारीचा नाही. कोरड्या माळावर चरणारी उस्मानाबादी शेळी हा गुण पुरेसा राखते, असे आमचे मत आहे.

चरकांनी त्याज्य मांसही सांगितले आहे : आपोआप मेलेल्या, कृश, वृद्ध, विषाने मारलेल्या वा हिंस्र पशूने मारलेल्या प्राण्याचे. चोरून आणलेली शिकार यांपैकी कोणत्या प्रकारची, हे वैद्यास कसे कळणार?

कायद्याची बाजू थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार फासे लावणे हीसुद्धा शिकारच होय. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेनंतर सामान्य अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोर, कृष्णमृग, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत असून तेथे किमान तीन वर्षांचा कारावास आहे. कलम ५२ अन्वये अपराधास प्रवृत्त करणारासही सूट नाही. सांधेदुखीसाठी घोरपडीची चरबी मागणारे ग्राहक औषधी दुकानदार बंधूंकडे येतातच. त्यांना ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे मोघम उत्तर देणे म्हणजे मागणी जिवंत ठेवणे होय.

त्या रुग्णास आम्ही बोकडाचा रस दिला : चरबी काढलेले मांस, भरपूर पाणी, मंद आच, गाळून सुंठ, जिरे व सैंधव, प्रारंभी अर्धी वाटी, पुढे अग्नी पाहून वाढ. मांस वर्ज्य असणाऱ्यांस मुगाचे यूष व शेळीचे दूध देतो. जिवंत तितर मुलाने आमच्यासमक्ष माळावर सोडला. आता पथ्यपत्रकावर आम्ही ‘जांगल’ हा शब्द लिहीत नाही; ‘बोकडाचे, बाजारातून आणलेले’ असे लिहितो आणि एकदा वाचून दाखवतो.