जन्मजात हृदयदोष आणि बाळंतकळा

प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातले ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त एकदम अभिसरणात येते. वेदनेने नाडी आणि रक्तदाब चढतात, तो ताण वेगळाच. निरोगी हृदय हे सहज पेलते. जन्मतः छिद्र, अरुंद झडप किंवा टेट्रालॉजी ऑफ फॅलो असलेल्या हृदयाला ते जड जाऊ शकते. म्हणून अशा स्त्रीच्या कळांची वेदना कमी करणे हा हृदयाच्या उपचाराचाच भाग ठरतो. ‘बाईने सोसायलाच हवे’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह इथे कामाचा नाही.

धोका सर्वांना सारखा नसतो. लहानपणी छिद्र बुजवलेली, फुप्फुसातला दाब न वाढलेली, जिना चढताना धाप न लागणारी स्त्री बहुधा इतरांसारखीच बाळंत होते. छिद्रामुळे फुप्फुसातला दाब कायमचा वाढलेल्या आयझेनमेंगर विकारात मात्र गर्भधारणाच टाळण्याचा सल्ला दिला जातो.

कोणाला किती धोका हे जुन्या तपासण्यांवरून कळते; पण परभणी जिल्ह्यात पहिले बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होते आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते. त्यात दोष सापडलेल्या तेव्हाच्या शाळकरी मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीत छातीवरचा जुना व्रण दाखवला, तरी इको वेळेत होऊ शकतो. गुंतागुंतीचा दोष असल्यास तारखेआधीच नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयाजवळ मुक्काम हलवणे बरे. कळा सुरू झाल्यावर पालमसारख्या गावाहून १०८ रुग्णवाहिका बोलावली, तर भूलतज्ज्ञाला तयारीला वेळच उरत नाही.

वेदना कमी करण्याचा सर्वांत उपयोगी उपाय एपिड्युरलचा. कमरेच्या मणक्यांच्या मधून बारीक नळी बसवून बधिर करणारे सौम्य ब्युपिव्हकेन आणि वेदनाशामक फेंटानिल थोडे थोडे सोडतात. घाईने दिल्यास रक्तदाब कोसळतो. फॅलोच्या दोषात मग अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून ओठ निळे पडतात. छिद्र उघडे असेल तर सलाइनच्या नळीतला हवेचा बुडबुडाही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रक्त पातळ करणारे हेपरिन चालू असल्यास, हल्लीच्या त्वचेखालच्या इंजेक्शनच्या लहान मात्रेनंतर १२ आणि मोठ्या मात्रेनंतर २४ तास ही सुई देत नाहीत. या सुईने कायमची कंबर धरते, हा समज खोटा आहे. टोचलेली जागा काही दिवस दुखते, इतकेच.

बाळ झाल्यावर गर्भाशयातले रक्त पुन्हा हृदयाकडे येते. गर्भाशय आकसावे म्हणून ऑक्सिटोसिन सावकाश देतात, मेथर्जिन सहसा टाळतात. कळा थांबल्या तरी पुढचे दोन-तीन दिवस देखरेख लागते. धाप लागली किंवा आडवे होताच खोकला आला, तर तो थकवा समजून न थांबता लगेच डॉक्टरांना सांगावे.