पाट्टीच्या वड्याचं काय?

आमच्या वेलाचेरीच्या इमारतीत तळमजल्यावरच्या पाट्टी संध्याकाळी मुलांना जमवून गोष्टी सांगतात. पाट्टी म्हणजे आजी. त्यांची ठरलेली पहिली गोष्ट चेन्नईतल्या पोराटोरांना तोंडपाठ असते. झाडाखाली वडे तळणारी म्हातारी, तिचा एक वडा पळवणारा कावळा आणि ‘तुझा आवाज किती गोड, एक गाणं म्हण ना’ असं म्हणून तो वडा लाटणारा कोल्हा. आपण इसापनीतीत वाचली तीच ही गोष्ट. म्हातारी आणि तिची कढई तेवढी इथली.

माझा लेक तेव्हा पाच वर्षांचा होता. वर येऊन त्यानं ती गोष्ट मला मराठीत सांगितली आणि मी सवयीनं विचारलं, “मग यातून काय शिकलास?”

“कुणी स्तुती केली तर हुरळून जायचं नाही.”

मी खूश झाले आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागले. थोड्या वेळानं तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. “आई, पण पाट्टीच्या वड्याचं काय? तिचे पैसे कुणी दिले?”

मला उत्तर देता आलं नाही. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, मोठेपणी सांगितली, पण कधी त्या म्हातारीकडे वळून पाहिलं नव्हतं. आमचं सगळं शहाणपण कावळ्यासाठी होतं: बाबा रे, पुढच्या वेळी चोच मिटून ठेव. चोचीत चोरीचा माल होता, हे पाच वर्षांच्या पोरानं दाखवून दिलं.

आईबाबांनो, त्या दिवसापासून मनात घोळतंय ते आज तुमच्याशी बोलते. गोष्टीचं तात्पर्य वेगळं आणि गोष्टीचा आशय वेगळा. तात्पर्य म्हणजे ‘असं वाग’ किंवा ‘असं वागू नकोस’ हे सांगणारं एक वाक्य. ते गोष्टीतून उचलून वहीत लिहिता येतं, भिंतीवर टांगता येतं. आशय असा सुटा काढता येत नाही. ती गोष्ट मुळात कशाबद्दल आहे, कुठल्या दुखऱ्या जागेभोवती फिरते, तो तिचा आशय. वड्याच्या गोष्टीचा आशय मला आज फसवणूक वाटतो. फसवणाऱ्यालाही कुणी फसवतं, आणि भुर्दंड मात्र ज्यानं कष्ट केले त्यालाच बसतो. उद्या माझा लेक चाळीस वर्षांचा झाला की त्याला यात आणखी काही दिसेल. तात्पर्य मात्र तेव्हाही तेच असेल.

तात्पर्याला मी कमी लेखत नाही. आपल्या भाषेत मुलांसाठी पुस्तक झालं तेच मुळी तात्पर्याचं बोट धरून, आणि तेही इथे, तमिळ मुलखात. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी इसापच्या कथा मराठीत आणवल्या. १८०६ सालची ती ‘बालबोधमुक्तावली’ मराठीतलं पहिलं बालपुस्तक मानली जाते. दोनशे वर्षांची सवय आहे ही, एका दिवसात कशी सुटेल? आणि अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही हे सांगायचं असेल, तर सरळ तात्पर्यच सांगावं. तिथे आडवळण नको.

पण गोष्ट सांगायची दुसरी रीतही चेन्नईतून, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमधून, आपल्या घरी येत होती. ‘चांदोबा’ आठवतो ना? तो मराठीत वाचताना, तो मद्रासला तयार होतो हे आमच्या कधी ध्यानातही आलं नाही. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं, मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. त्याच वर्षी तिथे चित्रकार शंकर रुजू झाले. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि अंधारातून चालणारा विक्रम राजा, हे त्यांचंच चित्र. कितीतरी पिढ्यांच्या डोळ्यांपुढे तो राजा अजून तसाच चालतो आहे.

त्या प्रेतातल्या, राजाला वाटेत गोष्ट सांगणाऱ्या वेताळाचं वागणं आठवून पाहा. गोष्ट संपली की ‘राजा, तू काय शिकलास’ असं तो कधीच विचारत नाही. तो विचारतो, या तिघांत मोठा त्याग कुणाचा? त्यानं हाती आलेलं राज्य का नाकारलं? आणि राजानं तोंड उघडलं की वेताळ निसटून पुन्हा झाडावर. उत्तर मिळालं म्हणून गोष्ट मिटत नाही, उलट पुन्हा पहिल्यापासून चालावं लागतं. परंपरेतल्या मूळ गोष्टी पंचवीस. ‘चांदोबा’च्या लेखकांनी पुढे त्याच साच्यात नव्या रचल्या, कारण प्रश्न संपत नव्हते. माझे बाबा वाचून दाखवताना राजाच्या उत्तरावर तळहात ठेवायचे. आम्ही भावंडं तावातावानं भांडायचो, आणि कधीकधी तो हात उचलायचा राहूनच जायचा.

तो तळहात आपण हरवला आहे. कथाकथनाच्या स्पर्धेत मुलाला मिनिटं मोजून दिलेली असतात आणि शेवटी ‘या गोष्टीवरून आपल्याला…’ म्हटलं नाही तर गुण जातात. मग मूल गोष्ट ऐकतानाच शेवटचं वाक्य हुडकायला लागतं. मधल्या म्हातारीकडे बघायला त्याला सवड कुठली? घरी तरी ही घाई करू नका, एवढं कळकळीनं सांगते. विचारायचंच असेल तर ‘तुला कुणाचं वाईट वाटलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. तेच सगळ्यात अवघड.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पाट्टी आणि त्यांची नात आमच्याकडे वर आल्या. औषधांची पिशवी, एक पितळी समई आणि नातीचं दप्तर, एवढंच त्यांना वाचवता आलं. वीज नव्हती. सात वर्षांचा झालेला माझा लेक मेणबत्तीच्या उजेडात त्या मुलीला तमिळमधून चिऊ-काऊची गोष्ट सांगत होता. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ, मेणाच्या घरातली चिऊ, आणि बाळाचं आवरून होईपर्यंत बंद राहिलेलं दार. ‘आळस करू नये, घर पक्कं बांधावं,’ हे माझं तात्पर्य त्यानं मुळीच सांगितलं नाही.

“चिऊनं लगेच दार उघडायला हवं होतं,” तो म्हणाला.

“बाळ लहान होतं. वारा आत आला असता,” ती म्हणाली.

“मग आम्ही नाही का उघडलं?”

ती गप्प झाली. मला मध्ये पडून काहीतरी समजुतीचं बोलावंसं वाटत होतं, पण मी बाबांचा तळहात आठवला. पाट्टी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “त्या कावळ्यानं शेणाचं घर का बांधलं? त्याला मेण मिळालं नव्हतं का?”

दोन्ही मुलं माझ्याकडे बघायला लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी मेणबत्ती थोडी त्यांच्याकडे सरकवली.