३१ एकांची मूळ संख्या

प्रश्न : नातवाच्या मोबाइल गेममधली नाणी २,१४,७४,८३,६४७ वर येऊन थांबली, पुढे सरकेनात. ही मूळ संख्या आहे, असं तो म्हणतो. एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे छातीठोकपणे कसं सांगता येतं? आणि गेम नेमका मूळ संख्येवरच कसा अडला?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बरेच प्रोग्राम पूर्णांकासाठी ३२ बिट राखतात. एक बिट अधिक-उण्यासाठी जातो. उरलेल्या ३१ जागांवर सगळीकडे १ आला की संख्या होते २चा ३१वा घात वजा १. त्यापुढे जागाच नाही. ती मूळ निघाली, हा निव्वळ योगायोग. १५ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. ती ७ × ३१ × १५१. ६३ बिटांवालीलाही ७ने भाग जातो.

आता पहिला प्रश्न. संख्येला विभाजक असलाच, तर निदान एक तरी तिच्या वर्गमूळाच्या आत सापडतो. इथे वर्गमूळ ४६,३४०च्या किंचित पुढे. तिथवरच्या मूळ संख्याही सुमारे ४,८०० आहेत. हातानं एवढे भागाकार करायचे म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा.

ऑयलरनं १७७२च्या सुमारास हा प्रश्न सोडवला, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. फर्माच्या प्रमेयावरून कळतं, की या संख्येचा मूळ विभाजक असलाच तर त्यातून १ वजा केल्यावर ३१ने भाग जायला हवा. झालं, ३, ५, ७, ११ सगळे तपासण्याआधीच बाद! शिवाय त्या विभाजकाला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणारेच उमेदवार राहतात. असे आकडे पावणेचारशेच्या आत, आणि त्यांतलेही बरेच मूळ नाहीत. ६३ जातो, २४९ जातो (३ × ८३). पहिला खरा उमेदवार ३११ : भागून पाहा, बाकी ३५. त्यानंतरचा थेट १,३०३ : बाकी २२६. असं ४६,३४० पर्यंत गेलं, की निकाल लागतो. कोणाचाही भाग जात नाही.

पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं १८११मध्ये लिहून ठेवलं, की या मूळ संख्येतून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य, मग शोधणार कोण? १८७६मध्ये ल्युकासनं २चा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि तिच्यातून आणखी मोठी परिपूर्ण संख्या आपसूक मिळाली.

उपयोगाचं म्हणाल, तर पार्क आणि मिलर या दोघांनी १९८८मध्ये यादृच्छिक आकडे पाडायला याच संख्येची शिफारस केली. कोणताही लहान आकडा घ्या, १६,८०७ने (म्हणजे ७च्या पाचव्या घातानं) गुणा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, त्या बाकीवर पुन्हा तेच. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याखेरीज सुरुवातीचा आकडा परत येत नाही. भाजक मूळ नसता, तर एकही आकडा न गाळणारी ही फेरी जमलीच नसती.